मोकळ्या तोंडाची नळी



गेल्या अंकात मी रोजच्या गोळ्यांच्या डब्यांविषयी लिहिले होते. त्यावर बरेच फोन आले. एका बाईंनी तर बजावलेच, "सिस्टर, आता पुढच्या वेळी गुडघ्यांवर लिहा." लिहीन, जरूर लिहीन, माझेही दुखतात. पण ह्या खेपेस विषय निराळा आहे. मोटारगाडीचा. हसू नका! सारा जन्म वॉर्डात काढलेल्या बाईला गाडीतले काय कळते, असे आमच्या घरीही म्हणतात. नातवंडांना मराठी वाचता येत नसेल तर आजी-आजोबांनी हे वाचून दाखवावे. त्यांना कंटाळा येणार नाही, कारण ह्यात चिखल आहे, ऑइल आहे, आणि आजीच्या हातून झालेली एक मोठी चूकही आहे.

आमचे जावई अराव्याच्या बाजूला शेतांवर ठिबक सिंचनाच्या नळ्या बसविण्याचे काम करतात. त्यांच्याकडे एक जुना टेंडर आहे. (भारतातून पाहुणे म्हणून आलेल्या वाचकांसाठी सांगते : पुढे माणसे बसतात आणि मागे उघडा हौदा असतो, अशा गाडीला इथे टेंडर म्हणतात. सरकारी निविदेशी त्याचा काही संबंध नाही.) हा टेंडर डिझेलवर चालतो, लागेल तेव्हा चारही चाकांनी ओढतो, आणि आमच्याकडे येण्याआधी दोन घरी नांदून आला आहे. त्याची वर्षाची टेस्ट जवळ आली की आमच्याकडे मॅट्रिकच्या परीक्षेसारखे वातावरण असते. दिवे बघा, वायपर बघा, टायर बघा.

मागच्या हिवाळ्यात, पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर, टेस्ट आठ दिवसांवर आली होती. नातवाने बॉनेट उघडून आतली धूळ पुसायला घेतली. आमच्या दिमोनाची धूळ तुम्हांला ठाऊकच आहे, बंद कपाटातल्या साड्यांवरही बसते. नातू सतरा वर्षांचा, लायसन्सच्या मागे लागलेला. पुसण्याच्या निमित्ताने का होईना, गाडीला हात लावायला मिळतो म्हणून खूष. त्याची धाकटी बहीण नऊ वर्षांची, ती टॉर्च धरायला. मी खुर्ची टाकून उन्हात तांदूळ निवडत बसले होते.

"आजी, बघ! हा त्सिनोर कुठेच लागलेला नाही!"

उठून पाहिले. इंजिन आणि बसण्याची जागा ह्यांच्या मधे जी पत्र्याची भिंत असते, तिच्या कडेने एक काळी रबरी नळी वर आली होती. करंगळीएवढी जाड. आणि तिचे टोक नुसतेच लोंबत होते. पोराने लगेच मोबाइलवर फोटो काढून गॅरेजात काम करणाऱ्या एका मित्राला पाठविला. मित्राचे उत्तर मिनिटात हजर : बूच मार, नाहीतर पावसाचे पाणी आत जाईल. घरात बोल्टांचा डबा आहेच. त्याने बरोबर मापाचा बोल्ट शोधून आणला, वर आवळायला क्लिपही आणली. काम नीटनेटके करायची त्याला सवय आहे, आईवर गेला आहे.

"हात मागे घे," मी म्हटले. बहुधा वॉर्डातल्या आवाजात म्हटले असावे, कारण दोघेही एकदम उभे राहिले.

आता हे का म्हटले ते सांगते. इस्पितळात एका माणसाला किती नळ्या लागतात, हे ज्यांच्या घरचे कोणी अतिदक्षता विभागात राहिले आहे त्यांनी पाहिलेच असेल. नाकात एक, हातात सलाइनची एक, लघवीची एक, ऑपरेशनच्या जागेतून निघालेली एक, मानेत एखादी. नवी मुलगी कामावर आली की तिचे लक्ष सुट्या टोकाकडे जाते. टोक सुटे दिसले की तिचे हात शिवशिवतात, कुठेतरी जोडून टाकावेसे वाटते. जुनी नर्स त्या टोकाकडे बघतच नाही. ती माणसाकडून सुरुवात करते. नळी शरीरात कुठे शिरली आहे तिथे बोट ठेवायचे, आणि बोट न उचलता शेवटपर्यंत यायचे. मधे चादर आली तर चादर उचलायची. अंदाज करायचा नाही.

आम्हांला हे मुंबईला शिकत असताना सिस्टरांनी टिचक्या मारून शिकविले. पुढे मोठमोठ्या संस्थांनाही ते कागदावर लिहावे लागले. अमेरिकेत इस्पितळांची तपासणी करणारे जॉइंट कमिशन आहे, त्याने २००६ साली सर्व इस्पितळांना इशारा दिला होता, की नळ्या चुकीच्या जागी जोडल्यामुळे माणसे दगावली आहेत, तेव्हा काहीही जोडण्याआधी नळी रुग्णापासून मूळ जागेपर्यंत हाताने शोधीत जा. त्यानंतर आयएसओ ८०३६९ ह्या क्रमांकाची मानके निघाली, म्हणजे पोटात अन्न देण्याच्या नळीचे टोक शिरेच्या नळीत बसूच नये अशी तोंडेच वेगळी बनवू लागले. गाडीच्या बॉनेटखाली अशी सोय नाही, बरं का! करंगळीएवढी नळी करंगळीएवढ्या कुठल्याही निपलवर खुशाल बसते.

तर तपासणी सुरू. आधी काळजी. गाडी रात्रीपासून उभी होती, इंजिन गार होते. किल्ली मी काढून माझ्या खिशात ठेवली. काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो, त्यात बोटे जातात. गरम रेडिएटरचे झाकण तर कधीच उघडायचे नाही, भाजलेले हात मी पुष्कळ बांधले आहेत.

मग नळीचे तोंड पाहिले. इथे माझ्या नातीने बाजी मारली. मी तिला विचारले, "आजीने मोजे काढले की पायावर काय दिसते?" म्हणाली, "वळ." तसेच नळीचे. वर्षानुवर्षे एखाद्या निपलवर घट्ट बसलेली आणि क्लिपने आवळलेली नळी निसटली, तर तिचे तोंड फाकलेले असते आणि भोवती क्लिपचा गोल वळ असतो. ह्या नळीचे तोंड सरळ कापलेले, फाकलेले नाही, वळ नाही. म्हणजे ती कुठून निसटलेली नव्हती. मग पोरीनेच टॉर्च जवळ नेऊन दाखविले, की तोंडापासून वीतभर खाली एक बारीक खाच आहे, आणि भिंतीवर त्याच उंचीला प्लॅस्टिकची तुटकी पट्टी अडकलेली आहे. म्हणजे कोणीतरी ती नळी तिथे नुसती बांधून ठेवली होती. छत्रीच्या मुठीसारखी वाकवून, तोंड खाली करून. उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने पट्टी कडक होऊन तुटली आणि नळी लोंबू लागली. नातवाचा चेहरा जरा उतरला. बोल्ट मात्र मुठीत होता.

मग आत काय आहे ते पाहिले. तोंड लावून फुंकायचे नाही आणि ओढायचे तर मुळीच नाही. जुन्या काळी लोक नळी तोंडात धरून टाकीतले पेट्रोल ओढीत, ते घशाऐवजी श्वासात जाई आणि फुप्फुसाला सूज येई. असे रुग्ण मी पाहिले आहेत. नाकही थेट खुपसायचे नाही. मी पेन्सिलीला गॉजचा तुकडा गुंडाळला, तोंडाशी आतून फिरविला आणि बाहेर काढला. बारीक माती, आणि खाली किंचित तेलकट डाग. हाताने वारा घालून वास घेतला. शी! गंधकासारखा, नासलेल्या अंड्याच्या जवळचा वास.

मुलांनो, वासावरून आणि रंगावरून पुष्कळ कळते. काच धुण्याच्या पाण्याच्या नळीत साबणाचा वास येतो. रेडिएटरच्या पाण्यात जे औषध घालतात त्याचा वास गोडसर असतो, आणि म्हणूनच ते फार वाईट, कारण ते विष आहे आणि कुत्री-मांजरे ते चाटतात. बोटाला लागले तर चाखायचे नाही, हात धुवायचे. डिझेल इंजिनाचे ऑइल काळेकुट्ट होते. आणि हा जो गंधकाचा वास, तो गिअर ऑइलचा. दातेरी चाके एकमेकांवर जोराने घासतात, तिथे टिकावे म्हणून त्या तेलात गंधकाची द्रव्ये घातलेली असतात. म्हणजे आमची नळी इंजिनाची नव्हती, पाण्याचीही नव्हती. कुठल्यातरी दातेरी चाकांच्या पेटीतून ती आली होती.

आता "माणसाकडून" शोधायचे होते. पण इथे माणूस कुठे आहे तेच ठाऊक नव्हते, म्हणून सुट्या टोकाकडून उलटे निघालो. नातवाचे बोट नळीवर, नातीचा टॉर्च त्याच्या बोटावर. भिंतीच्या कडेने खाली, मग गाडीखाली. टेंडर उंच असतो आणि सपाट जागी उभा होता, चाकांना दगड लावले होते, त्यामुळे त्याला पाठीवर सरकून आत जाता आले. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणी जायचे नाही, कितीही घाई असो. मी बाहेरून ओरडत होते, "बोट उचलू नकोस!" चासीच्या लांब पट्टीला धरून नळी मागे मागे गेली, दोन ठिकाणी बांधलेली, डिझेलच्या टाकीवरून पुढे. आणि शेवटी आतून आवाज आला, "मागच्या चाकांच्या मधे!"

मागच्या दोन चाकांना जोडणारा जो जाड लोखंडी ॲक्सल असतो, त्याच्या मधोमध भोपळ्यासारखा फुगीर भाग आहे. त्यात दातेरी चाके आणि गिअर ऑइल असते. त्याच्या डोक्यावर एक छोटे निपल होते, आणि आमची नळी त्यावर नीट घट्ट बसलेली होती. मेकॅनिक ह्या वाटेला ब्रीदर म्हणतात. ब्रीदर, म्हणजे श्वास घेणारा! मला नाव ऐकूनच बरे वाटले.

आता भोपळ्याला श्वास कशाला हवा? गाडी चालू लागली की आतले तेल तापते आणि तेलावरची हवाही तापते. समजा हिवाळ्याच्या सकाळी ती २० अंश सेल्सियस होती आणि चढावर ओझे ओढून ८० अंशांवर गेली. हवा तेवढ्याने सुमारे एक पंचमांश फुगू पाहते. तिला वाट मिळाली तर जास्तीची हवा निमूट बाहेर जाते. वाट नसेल तर ती दाबाने दुसरी वाट काढते. ॲक्सलच्या दोन्ही टोकांना, चाकांजवळ, रबराची सील असतात. ती तेल उडू नये म्हणून असतात, दाब अडवायला नसतात. दाबाने तेल त्यांच्या कडेने पाझरते. आणि आमच्या टेंडरला मागे ड्रमचे ब्रेक आहेत, ते अगदी त्याच्या पलीकडे! ब्रेकला तेल लागले तर गाडी थांबेल कशी? आमचे जावई आठवड्यातून तीनदा हौद्यात नळ्यांची भेंडोळी भरून दिमोनावरून अराव्यात उतरतात. त्या रस्त्याने ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना तो उतार ठाऊक आहे. समुद्रसपाटीच्या बऱ्याच वरून निघायचे आणि समुद्रसपाटीच्या खाली पोचायचे. मी तांदळाचे ताट बाजूला ठेवले ते तेव्हा.

उलटेही होते. तापलेला ॲक्सल एकदम गार पाण्यात बुडाला, तर आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. नेगेवच्या वाद्या तुम्ही पावसात पाहिल्या आहेत. तासापूर्वी कोरडी दिसणारी वादी भरभरून वाहते. (भरलेल्या वादीत गाडी घालू नये, हे जावयांना मी शंभरदा सांगते. पूर ओसरल्यावर उरलेल्या पाण्यातून तरी त्यांना जावेच लागते.) ब्रीदरचे तोंड खाली ॲक्सलवरच असेल, तर ते पाण्याखाली जाते आणि गढूळ पाणी आत ओढले जाते. मग तेल दुधाच्या चहासारखे होते आणि दातेरी चाके खराब होतात. म्हणून पुष्कळ गाड्यांत पुढच्या भोपळ्याची नळी कारखान्यातूनच वर इंजिनापर्यंत आणलेली असते. मागची मात्र बऱ्याचदा ॲक्सलवरच एका छोट्या टोपीपाशी संपते, आणि रानावनात, पाण्यात जाणारे मालक तिला लांब नळी जोडून वर आणतात. आमच्या टेंडरच्या कोण्या आधीच्या मालकाने तेच केले होते. शहाणा माणूस होता. फक्त त्याने ते कोणाला सांगितले नाही आणि कुठे लिहिले नाही.

आपल्याला तर हे कोणी शिकवायला नको. कोकणात आपल्या वाडवडिलांना शनिवार तेली म्हणत. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गुडगुड करीत, थांबत थांबत पडते. समोरच्या कोपऱ्यात दुसरे भोक पाडले की कशी छान धार लागते! त्या दुसऱ्या भोकातून तेलाचा थेंबही येत नाही, तरी ते लागते. संध्याकाळी जावई घरी आल्यावर त्यांना हे सांगितले, तर ते म्हणाले, "मम्मी, आमच्या ठिबकच्या लाइनीला पण उंचावर हवेची वाल्व असते. पाणी बंद केल्यावर लाइन उताराकडे रिकामी होते, तेव्हा वरून हवा मिळाली नाही तर ती ठिबकच्या भोकांतून चिखल ओढून घेते." रोज वाल्व बसविणारा माणूस, पण स्वतःच्या टेंडरची वाल्व त्याला ठाऊक नव्हती.

ह्यावरून कोणी असे समजू नये, की बॉनेटखाली जी नळी लोंबते ती लोंबतीच ठेवायची. काही नळ्या खरोखर निसटलेल्या असतात, आणि त्या तशाच ठेवल्या तर नुकसान होते. इंजिनाचा स्वतःचाही एक श्वास असतो. पिस्टनच्या कडेने निसटलेला धूर खाली ऑइलच्या जागेत साठतो, तो जुन्या गाड्यांत नळीने सरळ रस्त्यावर सोडीत. १९६० च्या दशकापासून हळूहळू तो परत इंजिनात ओढून जाळण्याची पद्धत आली. म्हणून ती नळी दोन्ही टोकांना जोडलेलीच हवी. हवा शिरण्याच्या पाइपाजवळचे टोक निसटले, तर तिथून धूळ फिल्टर चुकवून आत शिरते, आणि नेगेवची धूळ म्हणजे इंजिनाला सँडपेपर. त्या नळीच्या टोकाला क्लिपचा वळ सापडेल, आत काळे ऑइल सापडेल. दुसरी, ब्रेकच्या मदतीची जाड नळी. ती निसटली तर ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक लागते. अशी गाडी हलवायचीच नाही. पेट्रोलच्या गाडीत टाकीची वाफ साठवायचा एक डबा असतो, त्याच्याही नळ्या असतात. पेट्रोलचा वास आला तर सिगरेट विझवायची, किल्ली फिरवायची नाही आणि मेकॅनिकला बोलवायचे. काही बॅटऱ्यांनाही बारीक नळी असते, चार्ज होताना निघणारा हायड्रोजन बाहेर नेण्यासाठी. तिचे बाहेरचे टोक उघडेच हवे, बॅटरीकडचे जोडलेलेच हवे. रेडिएटरच्या पाण्याच्या बाटलीतून खाली लोंबणारी नळी, आणि एअर कंडिशनरचे पाणी टपकविणारी नळी, ह्या दोन्हींचे खालचे तोंड मोकळेच असते. उन्हाळ्यात गाडीखाली स्वच्छ पाण्याचे थारोळे दिसले की आमचे हे घाबरून जात. मी म्हणे, अहो, घाम आहे तिचा.

तर नातू गाडीखालून बाहेर आला, केसांत माती, आणि म्हणाला, "पण आजी, तुला आधीच कसे ठाऊक? नळी शोधायच्या आधीच तू नको म्हणालीस."

ठाऊक नव्हते. भीती होती. ती कुठून आली, हे मी घरात कधी कोणाला सांगितले नव्हते. त्या दिवशी दोघांना ओट्यावर बसवून सांगितले, आणि आता तुम्हांलाही सांगते.

१९६८ साल. माझगावच्या आपल्या शाळेतून मॅट्रिक होऊन मी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नर्सिंग शिकत होते. दुसरे वर्ष, पुरुषांचा वॉर्ड, रात्रपाळी. क्षयाचा एक रुग्ण होता, गिरणीत काम करणारा तरुण मुलगा, पंचविशीतला. त्याचे एक फुप्फुस फुटून हवा छातीत साठली होती आणि फुप्फुस मिटले होते. म्हणून बरगड्यांमधून रबरी नळी घालून ती खाटेखालच्या काचेच्या बाटलीत सोडली होती. बाटलीच्या बुचाला दोन काचेच्या नळ्या. लांब नळी छातीकडून येणारी, तिचे टोक बाटलीतल्या पाण्याखाली दोनेक सेंटीमीटर. आखूड नळी बुचातून नुसती वर आलेली, कशालाच न जोडलेली, तोंड उघडे. तो खोकला की पाण्यात बुडबुडे येत. छातीतली हवा पाण्यातून बाटलीत आणि आखूड नळीतून बाहेर, पण परत आत जाऊ शकत नाही. किती साधी युक्ती!

मला आखूड नळी शिकविली नव्हती असे नाही. वहीत चित्र काढलेले होते. पण मध्यरात्री, मुंबईतल्या त्या वॉर्डात, जमिनीवर झुरळे फिरत होती, आणि ती उघडी नळी बघून मला वाटले की कोणीतरी विसरले आहे. निदान झुरळ तरी जाऊ नये. मी कापसाचा बोळा बसविला आणि वरून चिकटपट्टीचे दोन पट्टे चांगले दाबून लावले. नीटनेटके काम! पाठ फिरवून दुसऱ्या खाटेकडे गेले.

किती वेळ गेला असेल? अर्धा तास, थोडा जास्त. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने हाक मारली. पोरगा उठून बसला होता, ओठ निळे, मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या, श्वास लागत नव्हता. बाटलीत एकही बुडबुडा नव्हता. मला वाटले तो चालला. मी ऑक्सिजनकडे धावले. सिस्टर मात्र त्याच्या छातीपाशी गेल्या. नळीवर बोट ठेवले आणि बोट न उचलता खाली आल्या, खाटेच्या कडेवरून, बाटलीपर्यंत. आणि चिकटपट्टी ओरबाडून काढली. बाटली नुसती खदखदली! दोन-चार मिनिटांत त्याच्या ओठांचा रंग परत आला.

सिस्टर ओरडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "ही विसरून उघडी राहिलेली नाही. ती उघडीच ठेवायची असते." मग एक स्टूल आणून त्या बाटलीजवळ ठेवले आणि सकाळपर्यंत मला तिथे बसविले. दर पंधरा मिनिटांनी पाणी वरखाली होते की नाही, बुडबुडे येतात की नाही, लिहायचे. तो मुलगा मधेच जागा होऊन माझ्याकडे बघून हसला. त्याला काहीच कळले नव्हते, त्याला वाटले ही पोर माझ्यासाठी रात्रभर जागते आहे. ते हसणे मला अजून सोसत नाही.

"आजी, तो मेला?" नातीने विचारले.

नाही. काही आठवड्यांनी तो आपल्या पायांनी घरी गेला. जाताना आम्हा मुलींसाठी पेढ्यांचा पुडा ठेवून गेला. मी त्यातला खाल्ला नाही.

नातू बराच वेळ गप्प होता. मग उठून त्याने नळी पहिल्यासारखी छत्रीच्या मुठीसारखी वाकविली आणि नव्या पट्टीने उंच बांधली, पट्टी फार न आवळता, म्हणजे नळी चेपणार नाही. नातीने माझ्या पेटीतली पांढरी चिकटपट्टी आणली. वॉर्डात आम्ही नळीच्या दोन्ही टोकांना नाव लिहून लावीत असू, तसे तिने केले. वरच्या टोकाला हिब्रूत लिहिले : मागच्या ॲक्सलचा श्वास, बंद करू नका. तिच्या खाली मी मराठीत लिहिले. मराठी वाचणारा मेकॅनिक दिमोनाला सापडेलही, सांगता येत नाही!

टेस्टच्या आदल्या दिवशी जावई गाडी त्यांच्या नेहमीच्या जुन्या मेकॅनिककडे घेऊन गेले. त्याने भोपळ्याचे आटे खोलून तेल बघितले. स्वच्छ होते, पाणी नव्हते. नळीच्या तोंडावर त्याने धूळ अडविणारी आणि हवा जाऊ देणारी छोटी टोपी बसवून दिली. चिकटपट्टीवरचे मराठी बघून विचारले, हे काय लिहिले आहे? जावयांनी सांगितले, सासूबाईंचे प्रिस्क्रिप्शन. टेस्ट पास झाली.

तो बोल्ट नातवाने डब्यात परत टाकला नाही. माझ्या स्वयंपाकघरातल्या डुगडुगणाऱ्या स्टुलाचा एक पाय त्याने त्या बोल्टाने आवळून दिला. त्याच स्टुलावर बसून हे लिहिते आहे. पुढच्या अंकी गुडघे, नक्की.

आपली,
सिस्टरबाई, दिमोना